जनाबाईंच्या तोंडी घातलेलं वाक्य

जतच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा आईने खिडकीतून शेंगाचटणीचा डबा आत दिला आणि म्हणाली, "तिकडं आपल्यासारखं बोलू नको बाई, हसत्यात माणसं." अक्का, तू तिच्या मागे उभी होतीस, लक्ष देऊ नकोस अशी खूण करत होतीस. पण मी लक्ष दिलं. नवी मुंबईत आल्यावर माझ्या मराठीतले कानडी हेल मी एकेक करून पुसून टाकले.

सुरुवातीला आम्ही नवरा-बायको बोनकोडे गावात जनाबाईंच्या घरात भाड्याने राहिलो. त्या इथल्या मूळच्या, आगरी. आजूबाजूचे सेक्टर उभे राहिले ते सरकारने घेतलेल्या त्यांच्या नि त्यांच्या माणसांच्या भातशेतीवर. मला ताप आला की त्या पेज आणून देत आणि मी ती संपवेपर्यंत समोर बसून राहत. पुढे पलीकडच्या सेक्टरमध्ये आमचा फ्लॅट झाला, तरी त्यांचं येणं-जाणं राहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिल्लीचा एक तरुण दिग्दर्शक आमच्या सोसायटीत आला. भारतीय म्हणजे नेमका कोण, यावर तो विनोदी माहितीपट काढत होता. एकाच बिल्डिंगमध्ये पंजाबी, बंगाली, मल्याळी मिळाले म्हणून खूश होता. मराठीच्या वाट्याला मी आले. मी आपली इरकल नेसून गेले, तर म्हणाला, ही तर साउथची वाटते. मग सेक्रेटरींच्या बायकोची नऊवारी आणि नथ आली. मल्याळी बाईंना केळीचं पान धरून उभं केलं होतं. त्या बँकेत ऑफिसर होत्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. तोवर गंमतच वाटत होती.

जनाबाई शूटिंग बघायला आल्या होत्या. त्यांना कामवाली समजून कोणीतरी बाजूला व्हायला सांगितलं. ते मला लागलं. मी दिग्दर्शकाला म्हटलं, "इधर की असली तो ये हैं. इनको पूछो."

त्याने कॅमेरा वळवला. "आप कहाँ से हैं?"

"मी हितलीच," जनाबाई शांतपणे म्हणाल्या. "ही सगली माज्या शेतान ऱ्हातान. ती कंची ते त्यांना इचार. त्यांना हितं आनू का, असा मना कोनी इचारला नाय."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. दिग्दर्शकाने मला विचारलं, "क्या बोलीं?" सगळे माझ्याकडे बघत होते. याच लोकांत मला राहायचं होतं. मी म्हटलं, "बोलती हैं, ये सब मेरे मेहमान हैं. सबका स्वागत है."

काही महिन्यांनी त्याने कॅसेट पाठवली. रविवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. माझ्या नथीवर हशा पिकला. शेवटी टीव्हीवर जनाबाई दिसल्या, आणि खाली इंग्रजीत ते माझं वाक्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनाबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

त्यांना घरी सोडायला निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "खाली काय लिवला व्हता?"

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ती पेज आठवली, आणि मी सगळं खरं सांगितलं. आम्ही नाक्यापर्यंत चालत आलो.

"मी कोनाला 'या' बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. मग पुढे चालू लागत, "आता आलाव ना. ऱ्हावा."

अक्का, तू पत्रात विचारतेस, आता तुझं घर कुठलं? जतला मी जन्मले, तिथे कोणाला मला 'राहा' असं म्हणावं लागलं नाही. इथे एका बाईच्या शेतावर मी तिला न विचारता संसार मांडला, वर तिचं बोलणंही बदललं, आणि ते कळल्यावर तिने मला राहा म्हटलं. घर म्हटलं की मला आता आधी ती दिसते, आणि मग तू. रागावू नकोस.