दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि माझा डावा हात

परवा नातीनं मोबाईलवर आम्हा दोघींचा सेल्फी काढला आणि लगेच किंचाळली, "आजी, स्क्रीनवर माझा तीळ या गालावर होता, फोटोत त्या गालावर गेला!" मग सेटिंगमध्ये 'मिरर' की काय ते शोधून मलाच समजावू लागली, की समोरच्या कॅमेऱ्यात आपण आरशासारखे दिसतो, फोटो मात्र लोकांना दिसतो तसा येतो. मला! मी हसत सुटले, ठसका लागेपर्यंत हसले. अगं, तुझे पिक्सेल आणि झूम तुला लखलाभ, पण हे मिररचं मला शिकवू नको. माझं लग्न त्याच्यावर जमलंय.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही चिखलीत राहत होतो. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि मी डावखुरी होते. आता हे सांगताना काही वाटत नाही, पण आमच्या घरात तेव्हा हा शब्द कुजबुजून बोलायचा होता. डाव्या हातानं वाढलेलं लोक ताटात घेत नसत. लहानपणी आईनं माझा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधून मला जेवायला शिकवलं होतं. जेवणं, वाढणं उजव्या हाताला जमलं. लिहिणं काही जमलं नाही. दोन ठिकाणची स्थळं कुठूनतरी कळल्यावर परत गेली होती, आणि तेव्हापासून आईचं एकच पालुपद होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न होईस्तोवर तोंड उघडू नको, माय."

अशात देऊळगाव राजाचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर होता. त्याच्या आईनं निरोप पाठवला, की मुलगी शिकलेली आहे तर लिहिताना बसलेला एक फोटो पाठवा. लिहिताना! आईनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "उजव्या हातात पेन धराचा अन् गप बसाचं. फोटो काई हालत नाही, की अक्षर काढत नाही."

मी हो म्हटलं. फोटोत हात लपेल हो, पण पुढचं आयुष्यभर काय? किराण्याची यादी, माहेरचं पत्र, सगळं दार लावून लिहायचं? आणि कधीतरी उघडं पडलंच, तर बोलणी माझ्या आईला बसणार, पोरगी फसवून दिली म्हणून. मला तेच सहन होणार नव्हतं.

दादा तेव्हा शेगावला नोकरीत होता. त्यानं एका दोस्ताचा कॅमेरा मागून आणला, आणि काय ऐट त्याची! गळ्यात पट्टा, पट्ट्याला पेटी, पेटीला एकावर एक दोन डोळे. पाहताना कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि वरचं झाकण उघडून आत वाकून पाहायचं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "पोट दुखून राह्यलं काय व याचं?"

सोबत इंग्रजी माहितीपुस्तक होतं. दादाचं इंग्रजी म्हणजे तिकीट वाचण्यापुरतं. म्हणून ते मी वाचलं, डिक्शनरी घेऊन, दोन दिवस, स्वयंपाकघरात चुलीशी बसून. आणि खरं सांगते, मला वेडच लागलं. वरचा डोळा नुसता पाहायचा, खालचा फोटो काढायचा. खालच्याच्या आत पापणी, ती शटर. ती किती वेळ उघडी ठेवायची त्याचा एक कान पिळायचा. आणि बाहुली, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, त्याचे आकडे: आकडा मोठा तर भोक लहान, आकडा लहान तर भोक मोठं! आईला सांगितलं तर म्हणाली, "कोन्या उलट्या खोपडीच्या मानसानं बनवलं व हे?"

उलट्यावरून आठवलं. पुस्तकात एक आकृती होती. वरच्या डोळ्यामागं तिरका आरसा असतो, म्हणून झाकणातल्या काचेवर डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. फोटो मात्र खालच्या डोळ्यातून सरळ येतो. दादाला सांगायला गेले तर म्हणाला, "तू पोळ्या लाट. मशीन मले समजते." ठीक आहे बापा, नाही सांगत.

त्या मशीनवाल्यानं बारापैकी अकरा फोटो दोन दिवसांत उडवले. शेजाऱ्याचा बैल, सायकल, बाबांचं अर्धं डोकं, पुन्हा बैल. माझ्यासाठी फिल्मवर एकच जागा उरली.

सकाळी अंगणात टेबल मांडलं. मला गोल पातळ नेसवलं, पदर डाव्या खांद्यावर नीट टाचला, समोर वही ठेवली. मी मुकाट पेन उजव्या हातात धरला. दादा वाकला आणि ओरडला, "अवं, काय करते? उजव्या हातात घे पेन!"

माझ्या उजव्याच हातात होता.

आई धावत आली, दादाच्या कोपराखालून तिनं झाकणात डोकावलं. "अवं बाई, डाव्यातच धरला हिनं! जन्माची खोड हो!" मायलेक दोघंही त्या काचेत बुडालेले. मान वर करून माझ्याकडे पाहायचं दोघांनाही सुचलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात ना, इथे तर आरशाशिवाय काही दिसतच नव्हतं.

मला तो आरसा ठाऊक होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण माझ्या गालांच्या आत हसू असं फुगायला लागलं, की विचारता सोय नाही. मी एकदम आज्ञाधारक पोरीसारखी म्हणाले, "बरं दादा." आणि पेन डाव्या हातात घेतला.

"हाव, आता कसं!" आई म्हणाली.

खट्‌.

हसू दाबताना माझे डोळे चमकले असणार. त्या फोटोत मी जी सुंदर दिसते ना, ती त्यामुळेच.

दादानं शेगावला फोटो धुऊन घेतले. बैलावर आणि माझ्यावर तो इतका खूश झाला, की हाताकडे न पाहताच माझी एक प्रत तिथूनच देऊळगाव राजाला टपालात टाकली. दुसरी घरी आणली. आईनं पाहिली आणि मटकन खाली बसली. "अबे गाढवा, हे काय धाडलं!" मग काय, दादानं पुस्तक उघडलं, आकृती शोधली, आणि जणू तो त्यानं आजच लावलेला शोध असावा असं म्हणाला, "आई, यात सगळं उलटंच दिसते!" बुडत्याला काडी सापडली. आईनं ठरवलं, विचारलंच तर सांगायचं, कॅमेरा उलटं दावते.

आणि त्यांनी विचारलंच. आठ दिवसांनी मास्तर आणि त्याची आई आमच्याकडे आले. बाई लहानखुऱ्या, पण नजर अशी, की सुईत दोरा एका फटक्यात ओवतील. पोहे झाले, चहा झाला, मग त्यांनी पिशवीतून फोटो काढला. "पोरगी डावखुरी हाय काय?"

"नाही हो बाई!" आई घाईघाईनं म्हणाली. "थो कॅमेराच तसा हाय. उजवं डावं करते."

बाईंनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो. "मंग पदर काऊन नाही फिरला? आता डाव्या खांद्यावर हाय, फोटोतई डाव्याच खांद्यावर हाय. कॅमेरा काय हातच पाहून फिरवते?"

दादानं छताकडे पाहिलं. बाबांनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. आईचं तोंड पांढरं पडलं, आणि तिच्याकडे पाहून माझा राहिलेला धीर सुटला. नव्हे, सुटला नाही, आलाच.

"मी डावखुरीच आहे," मी म्हटलं. "दादाला काचेत उलटं दिसत होतं, फोटो सरळच येणार होता. मला माहीत होतं. म्हणून मी पेन मुद्दाम बदलला."

"काऊन?"

"लग्नानंतर तुम्हाले समजलं असतं, तं तुम्ही माह्या आईले बोलल्या असत्या. जे बोलाचं ते आता मले बोला."

तेवढ्यात एक आवाज आला, खुसखुस असा. मास्तर! रुमाल तोंडाला लावून हसत होता. बाईंनी त्याला डोळ्यांनी दाबलं आणि मला म्हणाल्या, "आन पेन. लिहून दाव काहीतरी."

वही आली, पण डोक्यात एक अक्षर उमटेना. शेवटी डाव्या हातानं भराभर लिहिलं: लेन्स, शटर, बाहुली, तिरका आरसा. बाईंनी वाचलं, अक्षरावरून बोट फिरवलं आणि आईकडे वळल्या. "लहानपनी हात बांधे काय हिचा?"

आईनं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. "मले वाटे, कोनी घेनार नाही," एवढंच म्हणाली. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. आठवड्यात होकार आला.

सासरी पहिली पंगत बसली तेव्हा मी उजव्या हातात पळी घेऊन निघाले. नवी नवरी, चाळीस माणसं, आणि पळी इतकी जपून भरत होते की अर्धं वरण पातेल्यातच राहत होतं. सासूबाई उठून आल्या. माझ्या उजव्या हातातली पळी काढली आणि सगळ्यांसमोर डाव्या हातात दिली. "फोटोत होता तोच हात राहू दे."

मी वाढायला वाकले. पहिल्याच पाटावरच्या म्हाताऱ्या मामंजींनी, म्हणजे सासूबाईंच्या सासऱ्यांनी, ताट मागं ओढलं. सासूबाई मागूनच म्हणाल्या, "मामंजी, वरण डावं-उजवं नसते. गरम असते नाहीतर थंड असते. आता गरम हाय. ताट पुढं करा."

त्यांनी ताट पुढं केलं.