उदंड झालेली मुलगी

माझ्या माहेरी, कोपरीला, उदंड हा शब्द फार चाले. भात घरात आला की आई म्हणे, "यंदा उदंड आहे हो." आंब्यांच्या पाट्या उतरल्या की तेच. जास्त असे ती कधी म्हणत नसे. जास्त म्हटले की दृष्ट लागते, उदंड म्हटले की देवाने दिले असे होते. शाळेत मी मराठी चौथीपर्यंत गेले. तिथे उदंड म्हणजे विपुल असे शिकवले होते. तेवढा अर्थ मला पुरत असे.

वहिनीला पाचवी मुलगी झाली तेव्हा मी बारशासाठी कल्याणहून आगगाडीने आदल्या दिवशीच गेले. ओटीवर शेजारच्या काकू आईला म्हणत होत्या, "पाच झाल्या. पांडवांचं घर भरलं तुमच्याकडे."

"उदंड झाल्या," आई म्हणाली. पानावर आडवा हात धरावा तसा तो शब्द तिने धरला.

मग तिने मला स्वयंपाकघरात नेले. "उद्या कानात नकोशी म्हण. माझ्या माहेरी, घाटावर, असंच ठेवतात. पुढचा मुलगाच होतो."

कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आईला नाही म्हणणे मला कधी जमले नव्हते. मी मान हलवली. बाळंतिणीच्या खोलीत गेले तर वहिनीने सारे ऐकले होते. ती हळूच म्हणाली, "वन्सं, जन्मभर तिला त्या नावाला ओ द्यावी लागेल."

मूठभर जीव तो. तिने कोणाचे काय जास्त घेतले होते? भात उरला तर शेजारी देता येतो, आंबे वाटता येतात. आणि शेजारच्या काकूंना पाच मुलगे होते. तिथे आई उदंड म्हणे ती कौतुकाने.

दुसऱ्या दिवशी मी पाळण्यावर वाकले. बायका पाठीत धपाटे घालू लागल्या. "अगं, सांग की! नाव ठेवतेस की गुरुमंत्र देतेस?" चार माणसांत माझा आवाज एरवी फुटत नाही. मी एका नदीचे नाव सांगितले, आधी कानात, मग सगळ्यांना ऐकू जाईल असे.

आईने माझ्याकडे पाहिले आणि घुगऱ्यांचे ताट उचलले. मागाहून आलेली प्रत्येक बाई दारातच विचारी, "काय नाव ठेवलं?" आईला ते सांगावे लागे.

बायका गेल्यावर ती म्हणाली, "मला एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी ऐकलं असतं."

त्या दिवशी तिने नातीला नावाने हाक मारली नाही. पुढे केव्हा मारू लागली ते मला ठाऊक नाही. मी दिवाळीला गेले तेव्हा पायांवर घेऊन तेल लावताना ती तिच्याशी नाव घेऊनच बोलत होती.