बायजाचं सासर

शंकरकाकाजींकडे कुणी कुत्र्याचं पिल्लू मागितलं, की ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. आठ-पंधरा दिवसांनी, काही न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी त्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहत. घरात धांदल उडे, ताट वाढलं जाई आणि काकाजी जेवता जेवता सगळं बघत. घरधनी बायकोशी कसा बोलतो, पोरांवर खेकसतो का, दारात आलेल्या मांजरीला काय फेकून मारतो. "जेवाच्या टाइमले मानूस खरा दिसते," असं त्यांचं म्हणणं. आंजीच्या एका बड्या व्यापाऱ्याने त्यांना श्रीखंड-पुरीचा आग्रह केला, पण पुऱ्या यायला उशीर झाला तेव्हा बायकोवर डोळे वटारले. काकाजींनी हात धुतले, "जेवन मस्त होतं जी," म्हणाले आणि पिल्लू काही दिलं नाही. वर अल्लीपूरभर सांगत सुटले, "ज्याच्या घरची बाई भेते, त्याच्या घरी माही पोरगी काऊन देऊ?"

अल्लीपुरात आमच्या माहेरच्या घरासमोर त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि दुकानामागे गोदाम. नात्याने ते आमचे कोणी नव्हते, पण अख्खं गाव त्यांना काकाजीच म्हणे. त्यांच्याकडची कुत्री मात्र साऱ्या पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. बुटक्या पायांची, लांबोडी, अंगावर काथ्यासारखे राठ पांढरे केस, हनुवटीला चक्क दाढी. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कधीकाळी असलेला एक साहेब देश सोडून जाताना एक जोडी काकाजींच्या वडिलांच्या ओटीत टाकून गेला होता. त्याने जातीचं नाव सांगितलं असणार, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गाव त्यांना 'दाढीवाले' म्हणायचं. चेहरा इतका गंभीर, की एखाद्या भांडणाचा निवाडा करायला बसलेत असं वाटावं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरायचे. त्यांच्याकडे बघून न हसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

कामाला लागले की मात्र हसण्याचं काम नसे. तूर-चण्याचा हंगाम सरला की काकाजी गोदामातली पोती एका कोपऱ्यापासून एकेक करून हलवायला लावत. दोन कुत्री भिंतीशी दबा धरून बसायची, भुंकणं नाही की धावपळ नाही. पोतं हललं, उंदीर निसटला, की एक झटका आणि संपलं. घुशीच्या बिळात तर ती शेपटीपर्यंत आत जायची. काकाजी कौतुकाने सांगत, "जो भुकून राह्यला तो पोटासाठी भुकते. ज्याले काम येते तो चूप राह्यते." हे वाक्य ते कुत्र्यांबद्दल बोलत आणि बघत मात्र दुकानात बसलेल्या गप्पिष्टांकडे.

नव्वदनंतर दिवस पालटले. उंदीर मारायच्या औषधाच्या पुड्या किराण्यात मिळू लागल्या. औषध खाल्लेला उंदीर कुत्र्याने धरला, की कुत्रंही तडफडून जायचं. तीन-चार वर्षांत काकाजींची पाच कुत्री अशी गेली, कधी शेजाऱ्याच्या पुडीने, कधी दिल्या घरच्या पुडीने. ज्यांना हौसेखातर कुत्रं हवं होतं, ते तोवर पामेरियन आणू लागले होते. "ते का कुत्रं हाये? पावडरचा डब्बा हाये तो," काकाजी चिडून म्हणायचे. पण चिडत असतानाही घरं पारखायची त्यांची पद्धत सुटली नाही. चार जण मागायला आले तर तिघं परत जायचे. तेव्हा मला त्यात गंमत वाटायची. आता वाटतं, थोडं सैल सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण हे म्हणायचा हक्क निदान मला तरी नाही.

माझं सासर वर्ध्याजवळच्या सावंगीचं. अठ्ठ्याण्णव साली एका दुपारी काकाजी माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी झुणका-भाकर वाढत होते आणि माझे यजमान मुलाला हसत हसत भरवत होते. पोटभर जेवून काकाजी गेले आणि तीन आठवड्यांनी टोपलीतून बायजाला घेऊन आले. तळहातात मावणारी, भुवया डोळ्यांवर आलेली. मी मागितलीही नव्हती. "तिसऱ्यांदा माजावर आली का मले निरोप देजो," ते म्हणाले. "मी नवरदेव घेऊन येतो. तवरीक बाहेरच्याची सावली नको पडू देऊ."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हात जोडले.

"आता नाई पोरी. लेक देल्ली तुह्या घरी. तिले लेकरू झाल्याबिगर पानी नाई."

माझ्या वडिलांनीही माझा मुलगा जन्मेपर्यंत या घरचं पाणी घेतलं नव्हतं, त्यामुळे रीत मला ठाऊक होती. कुत्रीसाठी ती पाळणारा माणूस मात्र पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. वर्ध्याला काही कामाने आले की ते अंगणात येऊन बसत, बायजाला मांडीवर घेऊन तिची दाढी विंचरत, आणि चैत्राच्या उन्हात घसा कोरडा पडला तरी नाक्यावरच्या टपरीत जाऊन पाणी पीत.

बायजा दुसऱ्यांदा माजावर आली तेव्हा फाटकाशी गल्लीतली सात-आठ कुत्री जमली. शेजारणी नाकाला पदर लावू लागल्या. मुलाची परीक्षा, माझी शाळेची नोकरी, घरात सासूबाई आजारी. मी वैतागले आणि तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला पाहून ते खुर्चीतून उठलेच. "ही टेरियर आहे हो, पण ही जात मी फक्त पुस्तकात पाहिलीय. तिच्या स्वतःच्या देशातही मोजकीच उरलीत म्हणतात. पिल्लं नकोत, नक्की?" मी म्हटलं, नकोत. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नकोत म्हटलं. काकाजींकडे आहेत की अजून, असं मनाशी म्हटल्याचं मला आठवतं. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं. काकाजींना कळवायचं म्हणून मी ठरवत राहिले आणि आठ महिने गेले. मधे ते दोनदा येऊन गेले, पाणी न पिता, आणि मी गप्प राहिले.

मग मे महिन्यात एका सकाळी ते आले ते थेट नवरदेव घेऊन. सरदार नावाचा कुत्रा, न्हाऊ-माखू घातलेला, गळ्यात नवा लाल पट्टा, दाढीला तेल. "तुहा निरोपच नाई आला, म्हटलं आपनच जाऊन पाहू," काकाजी हसत म्हणाले. अल्लीपूरपासून एसटीत त्याला मांडीवर घेऊन आले होते. मी सगळं सांगून टाकलं. सांगताना बायजा त्यांच्या पायांशी लोळत होती आणि सरदार तिला हुंगत होता.

काकाजींनी वाकून सरदारचा नवा पट्टा सोडला. मग एवढंच म्हणाले, "मले इचारायचं होतं पोरी."

"तुमच्याकडे आहे ना अजून एखादी मादी?" मी विचारलं.

"बिजली होती. दिवाईत गेली, औषधाचा उंदीर खाऊन. बाकी देल्लेल्या पोरीही कवाच्या सरल्या. हे दोघंच राह्यले होते." त्यांनी पंच्याने चेहरा पुसला. "जाऊ दे. पानी आन आता."

मी तांब्या आणला. त्यांनी तो उभ्याने, एका दमात रिकामा केला. समोरचा माणूस पाणी पितोय आणि आपल्याला बघवत नाही, असं माझ्या आयुष्यात त्या एकदाच झालं.

जाताना ते सरदारला माझ्याकडेच ठेवून गेले. "तिकडं एकटा का करीन तो? इथं दोघं संगं म्हातारे होतीन." झालेही तसेच. संध्याकाळी दोघांना फिरवायला नेलं, की सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरकी शिकणाऱ्या मुली रस्त्यात गुडघे टेकून बसत. 'काकू, पिल्लं झाली की एक आम्हाला,' असं किती जणींनी म्हटलं असेल! एकदा काकाजी बरोबर असताना कुणीतरी असंच विचारलं. माझ्याआधी तेच म्हणाले, "नाई होत जी. ह्या सरदारातच दम नाई." आणि सरदारच्या डोक्यावर थापटी मारून पुढे चालू लागले. घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, नातवाच्या गोष्टी सांगितल्या. त्या दुपारी मला त्यांचे पाय धरायचे होते. धरले नाहीत.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात काकाजी गेले. तोवर सरदार गेला होता आणि बायजाला दिसेनासं झालं होतं. मी अल्लीपूरला भेटायला गेले. त्यांचा मुलगा दिलीप माझ्यापाशी येऊन बसला. "बाबा नेहमी म्हनत, ताईनं लय जीव लावला त्या दोघायले," तो म्हणाला. "पन सरदारच कमजोर निंगाला. नाई तं आज घरोघरी दाढीवाले असते."

म्हणजे काकाजींनी घरातही हेच सांगितलं होतं. सख्ख्या मुलालाही.

मी मान हलवली आणि त्याने दिलेला चहा प्यायले. पुढल्या पावसाळ्यात बायजा माझ्या अंगणात गेली आणि ती जात आमच्या भागातून संपली. दिलीप अजून त्याच दुकानात बसतो आणि कुणी विचारलं तर सरदारला दोष देतो. दिलीप, सरदारमध्ये काहीही उणं नव्हतं. बायजाचं ऑपरेशन मी करवलं, आणि तुझ्या वडिलांनी ते झाकलं.