वेटोळ्या शंखाचा दगड

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होते. वर्गात मुली दोघीच. सहल तमिळनाडूत अरियलूरला गेली तेव्हा अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. तिथल्या चुनखडीच्या खाणीत मला मुठीएवढा वेटोळ्या शंखाचा दगड सापडला. घरी आल्यावर तो अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातावर ठेवला.

ती जोंधळे निवडत होती. सूप बाजूला सारून तिनं दगडाच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"ह्यो जित्ता होता?"

"होता की. समुद्रात. मेल्यावर तळाशी गेला."

"मग दगुड कसा झाला?"

मी सांगितलं. मांस कुजून गेलं. शंखावर गाळ बसत गेला, आतल्या कप्प्यांतही भरला. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यानं शंख हळूहळू विरघळवला आणि पाण्यातला क्षार त्याच्या जागी बसला. आकार तेवढा राहिला. लाखो वर्षं लागली.

अव्वानं दगड उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "तुज्या अप्पांचं बी असंच हुईल?"

आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. अप्पांना अक्कलकोटकडच्या आमच्या शेतात, बांधाजवळ, विभूती लावून बसवलं होतं. त्या दिवसानंतर अव्वा शेताकडं फिरकली नव्हती. मला खोटं सांगवेना.

"न्हाय, अव्वा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात हाडं फार टिकत न्हाईत. मातीत मिसळून जातात."

ती रडेल असं वाटलं. तिनं फक्त विचारलं, "म्हंजे तितं कोंडून न्हाईत ना?"

"न्हाईत."

"मला वाटायचं, अंधारात एकटंच बसल्यात. रोज तेच डोळ्यापुढं यायचं." तिनं दगड माझ्याकडं परत दिला. "तुजी शाळा कामाची हाय."

कॉलेजला ती शाळाच म्हणायची.

सोमवारी मी दगड कॉलेजात जमा केला. त्याच आठवड्यात अव्वा म्हणाली, शेताकडं जाऊ. एसटीनं गेलो. बांधापाशी ती थोडा वेळ बसली, कन्नडमध्ये हळू आवाजात अप्पांशी बोलली; मी लांब उभी राहिले. नंतर उठून ती हरभऱ्यात शिरली आणि कोवळे शेंडे खुडून पदरात टाकू लागली.

"बघत काय उभी ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "तू बी खुड. रातच्या भाजीला हुईल."