बोक्याला सुतक नसतं

बायको गेली तेव्हा मी ठरवलं, तिचं वर्ष होईपर्यंत घरात मासळी शिजणार नाही. तेराव्यानंतर लोक खायला लागतात. मी म्हटलं, मी नाही. उरणची बाई ती, मासळीशिवाय तिला घास उतरायचा नाही. तीच नाही तर तवा तापवायचा कुणासाठी?

घरात उरलो मी आणि तिचा बोका. एवढासा होता तेव्हा तिने बहिणीकडून टोपलीत घालून आणलेला. आमचा फ्लॅट घणसोलीला, वरच्या मजल्यावर. बोका कधी खाली उतरलाच नाही. ती मासे साफ करायला बसली की तिखट-मीठ लावायच्या आधी त्याचा तुकडा बाजूला काढायची, उकडून, काटे काढून त्याच्यापुढे ठेवायची. मी म्हणायचो, "नवऱ्याला शेपटी आन बोक्याला मधला तुकडा?" ती म्हणायची, "तुमी वरण-भातावर जगाल. तो नाय जगायचा." मला ती थट्टा वाटायची.

ती गेल्यावर मी खायचो तेच त्याला घालायला लागलो. दूध-भात, वरणात कुस्करलेली चपाती. खाली गेटवर एक कुत्रा असतो, त्यालाही तेच. कुत्रा चांगला गुबगुबीत झाला. म्हटलं, जनावर ते जनावर, ह्यालाही चालेल. बोका आधी नाक मुरडायचा, मग भुकेपायी खायचा.

बरेच महिने गेले. मग त्याची सोफ्यावरची उडी चुकायला लागली. एकदा चालत्या चालत्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. भर उन्हात खिडकीत बसायचा तरी डोळ्यातली बाहुली मोठी, काळीभोर. तिच्या मागे जिवंत असं माझ्याकडे हे एकच राहिलं होतं, आणि ते आंधळं होत होतं. मी त्याला पिशवीत घातला आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टरीण पोरसवदा होती. त्याच्या डोळ्यात बॅटरी मारून तिने बराच वेळ बघितलं.

"आजोबा, खायला काय देता?"

"मी खातो ते. वरण-भात, दूध-चपाती."

"मासे, चिकन काहीच नाही?"

"घरात शिजत नाही. बायको वारली माझी."

तिने बॅटरी खिशात ठेवली. मग म्हणाली, "दुःख तुमचं आहे, आजोबा. पोट त्याचं मांजराचंच आहे ना?"

मग तिने समजावलं. टॉरीन म्हणून एक चीज असते. मांसात असते, मासळीत असते, डाळ-तांदळात नसते. कुत्र्याचं अंग ती बहुतेक आपली आपण तयार करतं. मांजराच्या अंगाला ते पुरेसं जमत नाही, त्याला ती खाण्यातूनच मिळावी लागते. नाही मिळाली तर आधी डोळ्याचा पडदा मधोमध जायला लागतो, समोरचं दिसेनासं होतं, काळीजही कमजोर होतं. "गेलेली नजर येणार नाही. आहे ती राखू."

माझं आयुष्य रबाळ्याला कंपनीत बॉयलरवर गेलं. ऑइलच्या बॉयलरात मी कधी लाकूड कोंबलं नसतं. पण एवढ्याशा अंगात अशी वेगळी भट्टी असेल, हे मला ठाऊक नव्हतं. रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन मी त्याच्याकडे बघतच राहिलो. कुत्रा माणसाच्या दारात बसून भाकरी पचवायला शिकला. हा मात्र माणसाच्या कणगीपाशी राहिला, धान्यावरचे उंदीर मारले, आणि धान्य काही त्याच्या अंगी लागलं नाही. किती पिढ्या आपल्या घरात काढल्या असतील ह्याच्या जातीने! आतून वाघ तो वाघच. आणि मी त्याला दूध-भात घालत होतो.

डॉक्टरणीने गोळ्या दिल्या, मांजरांचं तयार खाणं दिलं, आणि वरून थोडी उकडलेली मासळी सांगितली. नुसती मासळीही पुरत नाही म्हणाली. मी मेव्हणीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी उरणहून मासे घेऊन आली आणि दारातच सुरू झाली.

"काय भावोजी, आमच्या ताईनं सांगितलं व्हतं का, बोक्यालाबी सुतक लागतं म्हणून?"

"आत ये आधी."

"ताई असती तर तुमालाच गेटवर बसवला असता. त्या कुत्र्याच्या शेजारी."

मी हसलो. किती दिवसांनी, कुणास ठाऊक. मग पातेलं काढून पाणी ठेवलं आणि सुरमईचा मधला तुकडा सोडला. मीठ नाही, हळद नाही. वाफ घरभर गेली. तो वास तिचाच होता.

बोका आतल्या खोलीत होता. तो आला, कुठेही न आपटता, सरळ. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे ती बशी ठेवायची, तिथेच जाऊन बसला. महिनोन् महिने तिथे बशी नव्हती. मी काटे काढले, तुकडा गार केला, बशी ठेवली. खाताना तो घशातून गुरगुरत होता, तसा तिच्यामागे कधीच गुरगुरला नव्हता.

"तुमीबी घ्या एक तुकडा," मेव्हणी म्हणाली.

"नको. वर्ष माझं आहे. मी पाळतो."

खाऊन झाल्यावर बोक्याने मिशा चाटत मान वर केली. तोंड सरळ माझ्याकडे होतं, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. समोरचं त्याला आता दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. मग मीच कडेला सरकलो आणि त्याच्या नजरेत येऊन उभा राहिलो.