उतरणीवरची चूळ

तोंडातलं पाणी वेळेवर थुंकलं नाही, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा. तसे लहानसहान पुष्कळ आहेत. लग्नात गोंधळून उखाण्यात नवऱ्याच्या जागी सासऱ्यांचं नाव घेतलं होतं, तेही मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात. पण त्याला लोक हसले आणि विसरले. ही चूळ मात्र माझ्याच घशात राहिली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहायचो. नवरा कंपनीत, आठवड्याला शिफ्ट बदलणारा. दीर टेम्पो चालवायचा. घरात सासूबाई, मी आणि माझी धाकटी जाऊ. मी तिला 'धाकटे' म्हणायची, ती मला 'ताई'. दोघींचं इतकं जमायचं की शेजारणी म्हणायच्या, या जावा नव्हेत, पळून आलेल्या बहिणी आहेत.

आमच्याकडे गौर तेरड्याची. मुखवटा नाही, उभी मूर्ती नाही. भाद्रपदात रानात जाऊन तेरडा मुळासकट उपटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा, तिथेच हळदकुंकू वाहायचं आणि ती जुडी गौर म्हणून घरी आणायची. आणताना वाटेत बोलायचं नाही. इथवर सगळ्यांकडे असतं. आमच्या सासूबाईंकडे त्याच्या पुढची शिस्त होती. जी सून गौर उचलेल तिने धबधब्याचं पाणी तोंडात भरून घ्यायचं आणि ती चूळ घरच्या अंगणात येऊनच सोडायची.

थोरली म्हणून गौर उचलायचा मान माझा. आणि मला त्याचा काय तोरा! अख्ख्या आळीत थेंब न सांडता डोंगर उतरणारी मी एकटी. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, कपाळावर कुंकू पसरलेलं. मारुतीच्या देवळातला मारुती बरा दिसत असेल. पण मला वाटायचं, लोक भक्तीने बघतायत.

वाट घरामागूनच निघायची. आधी भाताचे बांध, मग सागाचं रान, मग कारवी. पहिला धबधबा पुरुषभर उंचीचा, त्याच्याखाली म्हशी आणि पोरं एकत्र डुंबायची, म्हणून तिथलं पाणी गौरीला चालायचं नाही. दुसरा बराच वर. तिथे कातळावरून पाणी तीन धारांनी पडायचं आणि तुषारांनी भिजलेल्या दगडांच्या फटीफटीतून तेरडा फुललेला असायचा, गुलाबी, थोडा जांभळा, मध्येच एखादा पांढरा. अजून कुणी 'सुंदर' हा शब्द उच्चारला की मला तो कातळ आठवतो.

त्या वर्षी चढताना धाकटी नेहमीसारखी मागे राहत होती.

"ताई, हलू चल गो. मी काय शेळी हाय?"

"शेळी परवडली. शेळी पावडर लावून रानात येत नाय."

"गौरीला आणायला चाललोय, अशीच जाऊ? तिलाबी वाटेल, कुणाच्या घरी चालले मी."

मी हसले. मी खूप खुशीत होते, त्याला कारण होतं. माझं माहेर पेणजवळ हमरापूरला. भावाचा गणपतींचा कारखाना. लहानपणापासून मी तिथे पाट रंगवले, उंदीर रंगवले, पण डोळ्यांच्या आखणीला मुलीला कोण हात लावू देतंय? ते काम मोठ्या माणसांचं. बारीक ब्रश, रोखलेला श्वास, एकाच ओढीत पापणी. मी चोरून फुटक्या कौलांवर डोळे काढत बसायची. लग्नानंतरही कौलं सुटली नाहीत. आमच्या परसात ढीग पडला होता. एक डोळ्याची, दोन डोळ्यांची कौलं, सगळी आभाळाकडे बघत. सासूबाई म्हणायच्या, "रात्री परसात जायची सोय ठेवली नाय हिनं."

भावाच्या आखणीवाल्या म्हाताऱ्याचा हात कापायला लागला आणि भाऊ मला म्हणाला होता, "पुढच्या हंगामाला डोळे तू काढ." मी सगळं ठरवलं. सकाळच्या एस्टीने पेण, संध्याकाळच्या एस्टीने परत. नवरा म्हणाला, आईला विचार. आई म्हणाल्या, "बघू." मी त्याचा अर्थ हो असा घेतला. अशी मी हुशार.

एवढंच नाही. धाकटीलाही शिकवायला घेतलं. पुढेमागे दोघी जाऊ, एका सीटवर बसू, एकाच डब्यातलं खाऊ. तिचा हात माझ्याहून स्थिर निघाला. मी सगळ्या आळीला सांगत सुटले, माझी जाऊ बघा कसे डोळे काढते. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेताना इतकं खूश कुणी झालं नसेल.

तर त्या दिवशी आम्ही तेरडा उपटला, धुतला, पूजा केली. मी धारेखाली ओंजळ धरली, तोंड भरून घेतलं, गौर उचलली आणि उतरायला लागले. धाकटी पुढे, काठीने गवत बाजूला करत. कारवीच्या उतारावर पाऊलवाट अगदी अरुंद होते, शेवाळ असतं. तिथे ती थांबली. वळली नाही. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"ताई, एक सांगायचंय. तुझ्या भावानं मला बोलावलंय. आखणीला. ह्यांनाबी टेम्पोवर घेतो बोलला. तिथंच खोली देतोय. दिवाळी झाली की जायचं हाय."

मी अर्धी चूळ गिळली. ठरवून नाही, आपोआप. उरलेली अर्धी तोंडातच राहिली. आणि आता खरा गाढवपणा ऐका. माझ्या डोक्यात काय आलं असेल? भाऊ असं कसं करतो, हे नाही. तू माझी जागा कशी घेतलीस, हेही नाही. पहिला विचार आला, निम्मं पाणी कमी झालं, सासूबाईंना कळेल.

"बोल ना काय तरी," ती म्हणाली आणि वळली. मग तिलाच आठवलं. "नाय, तू कशी बोलणार. नुसती मान हलव. चालेल ना तुला?"

माझ्या पायाला जळू चिकटली होती, हातात गौर, खाली घसरण. संतापाने कानशिलं तापली होती. मी हनुवटीने जोरात खूण केली. चल पुढे, नजरेसमोरून हो. त्या खुणेचा एवढाच अर्थ होता.

धाकटी रडायलाच लागली. "मला ठाऊक होतं गो ताई, तू 'नाय' बोलायची नाहीस." आणि तिथे, त्या शेवाळलेल्या उतारावर वाकून तिने माझ्या पायाला हात लावला. लावता लावता जळूही काढून फेकली.

मी थुंकू शकले असते. कुणी पाहत नव्हतं. गौर रागावली असती तर तिची समजूत मी काढली असती. पण मी थेंब न सांडणारी थोरली सून. रान संपेपर्यंत, बांध संपेपर्यंत मी ती अर्धी चूळ तोंडात घोळवत आले. मनात शब्द भरभरून येत होते आणि सगळे त्या कोमट पाण्यात बुडत होते.

घरी आले तर दारात सासूबाई, हातात दूधपाणी. चूळ सोडली. आता बोलायचं. पण रीत अशी की पहिले शब्द गौरीचेच.

"कोण आली गो?"

"गौर आली."

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली," मी म्हणाले आणि माझा आवाज फाटला. सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग पायावर पाणी घातलं. मला वाटलं, पाणी कमी भरलं होतं ते त्यांनी ओळखलं.

गौर जाईपर्यंत घरात भांडायचं नाही म्हणून मी गप्प. तिला पोचवून आल्यावर तडक हमरापूर गाठलं. भाऊ साचे धूत बसला होता.

"मला डोळे देतो बोललास ना?"

"अगं, तुझ्याच घरून निरोप आला. तू यायची नाहीस, धाकटीला घ्या म्हणून. तुला नको होतं तर मला सांगायचंस. मी काय रागावलो असतो?"

तुझ्याच घरून. मला दुसरं कुणी सुचलंच नाही. जिने पाठ करून सांगितलं, तीच निरोप पाठवणार. दिवाळीनंतर त्यांचा टेम्पो सामान घेऊन निघाला, तेव्हा मी परसात उभी राहून कौलं फोडत होते. एकेक डोळा, फटाक् फटाक्. ती हाका मारत होती, "ताई, येते गो." मी आणखी एक कौल उचललं.

पुढे कितीतरी वर्षं मी तिच्याशी कामापुरतं बोलले. गणपतीला ती यायची, चढाला पाठोपाठ चालायची, पण पावडरीवरून चेष्टा नाही, शेळी नाही. दोघींची तोंडं जाताना आणि येताना सारखीच बंद. पेणच्या बाजारात गणपती दिसले की मी पायांकडे बघायची, डोळ्यांकडे नाही. तिने काढलेले असले तर? आणि चांगले असले तर?

मग एका वर्षी धाकटीला येता आलं नाही. सासूबाई थकल्या होत्या, तरी म्हणाल्या, पहिल्या धबधब्यापर्यंत येते. मी त्यांना दगडावर बसवलं, वर जाऊन गौर घेऊन आले. त्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, म्हशींच्या शेजारी, मजेत. माझे गाल फुगलेले. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, थुंक. मी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा त्या हसल्या, आणि बोलल्या ते शब्दाला शब्द असं:

"बरं, नको थुंकू. गप्प हायस तवर ऐक. तुझ्या भावाला निरोप मीच धाडला व्हता. धाकटीला बोलले, थोरलीला जायचं नाय, तू जा. अन् तिला सांगायचं तर उतरताना सांग, तोंडात पाणी असेल, भांडायची नाय. धाकटी गेली, मला चाललं गो. तू गेली असतीस, तर मी दिवसभर कोणाशी भांडले असते?"