टोपीचं अस्तर

दाजी काळं कापड काखेत मारून समोरच्या दुकानात शिरले, आणि माझ्या हातातली सुई सरळ बोटात गेली. समोरचं दुकानही शिंप्याचंच. त्या मास्तरांचं आणि आमच्या दाजींचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. दाजी त्या बाजूला बघायचेसुद्धा नाहीत, आत जाणं तर सोडाच.

थोड्या वेळानं ते रिकाम्या हातानं परत आले.

"कापड कुठंय?" मी विचारलं.

"लेकीचा कोट शिवायला टाकून आलो," असं म्हणून ते मशीनवर बसले.

मी तीनताड उडाले. लेक म्हणजे माझी भाची, ताईची एकुलती एक. वकिलीची परीक्षा पास झालेली, पुढच्या महिन्यात शपथ घेऊन काळा कोट चढवणार होती. आणि बाप कोण, तर उभ्या जन्मात काळ्या कोटाशिवाय दुसरं काही न शिवलेला माणूस! त्यांच्या हातचा कोट घातला की खांदे पाडून चालणारा वकीलही ताठ दिसायचा. पोरगी शाळेत होती तेव्हाच तिच्या खांद्यांना टेप लावून, "हिचा कोट मी शिवणार," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणारेही हेच.

मग माझं तोंड सुटलं. मी त्यांच्या दुकानात काजं करते, बटणं लावते, पण त्याआधी त्यांची मेहुणी आहे. "दाजी, डोकं फिरलंय का तुमचं?"

त्यांनी लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढली. "डोक्याचं नाव काढू नकोस," असं म्हणून मशीन खडखडवायला लागले.

या माणसाला कपड्यावर सुटा दोराही खपत नाही. खिशात कायम ब्रश. गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं की हे मागून झटकत बसणार. हिवाळ्यात कापडावर पांढरं भुरभुरलेलं दिसायचं, तेव्हा म्हणायचे, "खडू आहे गं." मापाचा खडू पांढराच असतो, म्हणून मीही मान डोलवायची. हिवाळ्यात लेक गळ्यात पडायला आली की मान मागे घ्यायचे. ताई हसायची, "मोठ्या झालेल्या लेकीला बाप लाजतो." आम्ही दोघी बहिणी किती आंधळ्या!

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर दुकानात गेले. आतल्या पडद्यामागून उग्र वास येत होता. मी पडदा सारला. दाजी बादलीवर वाकले होते. एका हातात बाटली, आम्ही कापडावरचे तेलकट डाग काढतो त्या स्पिरिटची. दुसऱ्या हातात कापसाचा बोळा, आणि तो बोळा ते डोक्यावर घासत होते. शेजारीच तापलेली इस्त्री!

मी आधी इस्त्रीची पिन ओढली, मग बाटली हिसकावली. "जळून मेला असता ना! काय चाललंय हे?"

"डाग जात नाही गं," ते कळवळून म्हणाले. "काय करू?"

मग मी त्यांची टाळू नीट बघितली. लालभडक, जागोजागी नखांचे ओरखडे, मध्ये सुकलेले पापुद्रे. मग एकेक बाहेर आलं. गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकानं कोट परत आणून भर दुकानात विचारलं होतं, "मास्तर, कोटाबरोबर कोंडापण शिवून देता का?" सगळे हसले. दाजीही हसले होते, मला आठवतंय. त्या दिवसापासून हा माणूस रोज कढत पाण्यानं डोकं धूत होता, तेही कपड्याच्या साबणानं. ताईला वाटायचं, नवरा किती स्वच्छ!

"तिच्या शपथेच्या दिवशी तिच्या खांद्यावर पांढरं दिसलं तर?" दाजी म्हणाले. "लोक तिला हसतील, माझ्यामुळे. म्हणून तिकडे टाकला."

मला रागही आला आणि रडूही. ताईनं आणि मी त्यांना अक्षरशः ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "स्पिरिट? अहो, हे डोकं आहे की गालिचा? हा मळ नाही, टाळू कोरडी पडलीय. जितकं घासाल तितकी सोलवटणार."

आधी मलम लावून ओरखडे भरू द्यायचे. पाणी कोमट. धुणं रोज नको, दोन-तीन दिवसांनी सौम्य शाम्पूनं. त्याआधी थोडंसं तेल, तेही बोटांनी हलकेच. नखं लावायची नाहीत. दुकानात पायाशी असतो तो हीटर लांब. "आणि लोकर थेट डोक्याला लागू देऊ नका, खाज त्यानंही वाढते. आत मऊ सुती कापड हवं."

दाजींनी कपाळावर हात मारला. "म्हणजे अस्तर! हजारो कोटांना लावलं, आणि स्वतःच्या टोपीला लावायचं सुचलं नाही."

शपथ आठवड्यावर आली तोवर खाज थांबली होती, लाली उतरली होती, क्वचित एखादा कण पडायचा. मी कंबर कसून समोरच्या दुकानात गेले. म्हटलं, कोट अर्धा शिवलेला असला तरी उचलून आणायचा. त्या मास्तरांनी कपाटातून कापड काढलं. जसंच्या तसं! कात्रीसुद्धा लावलेली नाही.

"बाप लेकीचा कोट दुसऱ्याकडे टाकतो, म्हणजे काहीतरी बिनसलंय," ते म्हणाले. "वाट बघत होतो. अगदीच कोणी आलं नसतं तर आज शिवायला बसलो असतो."

मग मी त्यांना दाजींच्या टाळूपासून डॉक्टरीणबाईंच्या औषधापर्यंत सगळं सांगून टाकलं. घडी घालायला ते वाकले, टोपीखाली बोट घालून करकर खाजवलं, आणि काळ्या कापडावर पांढरे पापुद्रे पडले. आम्ही दोघंही त्या पापुद्र्यांकडे बघत राहिलो.

"खडू आहे," ते म्हणाले. मग हळूच, "तुमच्या दाजींनी औषध कुठून घेतलं हो?"

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा दाजींचा विश्वासच बसेना. समोरासमोर बसून दोघंही पडद्यामागे डोकं खाजवत होते! दाजींनी लेकीचा कोट बेतला, आणि उरलेल्या मऊ सुती अस्तरातून एक टोपीच्या मापाचा तुकडा कापून माझ्या हाती दिला. "त्याला देऊन ये. माझं नाव सांगू नकोस." मी अर्थातच सांगितलं.

शपथ घेऊन पोरगी बाहेर आली ती थेट बापाच्या गळ्यात पडली. दाजींनी मान मागे घेतली नाही. उलट डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं, सगळ्यांदेखत. उचललं तेव्हा तिथं एक पांढरा कण होता. मला दिसला, त्यांनाही दिसला. माझा जीव टांगणीला लागला. ब्रश त्यांच्या खिशात होता, आणि तो त्यांनी काढलाच नाही.